घरच्या घरी चिकटवही: कागद निवडण्यापासून बांधणीपर्यंत

स्क्रॅपबुक करायचं ठरलं की लक्ष आधी स्टिकर, रंगीत टेप आणि चमकीकडे जातं. वही बिघडते ती मात्र पाण्याने आणि जाडीने. गोंदातलं पाणी कागद पितो, फुगतो आणि वाळताना आक्रसतो. त्यामुळे पानं वाकतात, फोटोंखाली लाटा उठतात, पुठ्ठ्याला बाक येतो. शिवाय प्रत्येक पानावर काही ना काही चिकटवत गेलं की वही उघड्या बाजूने फुगत जाते, आणि एक दिवस ती मिटेनाशी होते. दुकानातल्या तयार वह्यांचंही हेच होतं, कारण त्यांचा कणा, म्हणजे पानं जिथे बांधलेली असतात ती कड, कोऱ्या पानांच्या जाडीचा बांधलेला असतो. या दोन्ही गोष्टींची सोय सुरुवातीलाच केली, तर सजावट कितीही साधी असली तरी वही वर्षानुवर्षं चांगली राहते. म्हणून इथे आधी वही बांधू आणि मग पानं भरू.

कागद आणि त्याची दिशा

स्टेशनरीच्या दुकानात 22 × 28 इंची कार्डशीट सुटी मिळते. 250 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मोतिया किंवा फिकट बदामी रंगाची तीन शीट घ्या. दोन शीटमध्ये बारा पानं, म्हणजे चोवीस पृष्ठं निघतात. तिसरं फोटोंच्या मागे लावायच्या कागदासाठी आणि चुकांसाठी. 180 जीएसएमपेक्षा पातळ कागद फोटोच्या वजनाने लवतो आणि 300च्या पुढचा बिजागरीपाशी तडकतो. काळी पानं दिसतात छान, पण त्यांवर पांढऱ्या किंवा सोनेरी पेनानेच लिहावं लागतं आणि ती शाई पुसट होत जाते. ज्या वहीत भरपूर लिहायचंय, तिला फिकट कागदच बरा.

वेष्टनावर ‘ॲसिड-फ्री’ (आम्लरहित) लिहिलेला कागद मिळाला तर तोच घ्या. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, म्हणून तो वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. वर्तमानपत्रातलं कात्रण लावायचं असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा.

आता ग्रेन पाहायची. ग्रेन म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने पडलेले असतात ती दिशा. कारखान्यात कागद यंत्रावर एका दिशेने धावत तयार होतो, त्यामुळे बरेचसे तंतू त्याच दिशेने लागतात. कागद तंतूंच्या दिशेत सहज दुमडतो, आडवा दुमडला तर घडी फुटते. ओला झाल्यावर तो फुगतोही तंतूंच्या आडव्या दिशेत. वहीच्या पानांत ग्रेन कण्याला समांतर हवी. ती उलटी पडली तर पानं ताठ उभी राहतात, नीट उलटत नाहीत आणि पावसाळ्यात कण्यापाशी चुरगळतात.

ओळखायला सोपं आहे. शीटच्या कडेचा 10 सेंटिमीटरचा चौकोन कापा. कापण्याआधी त्यावर शीटच्या लांब बाजूला समांतर बाण काढून ठेवा. चौकोनाच्या एकाच पृष्ठभागावर ओला बोळा फिरवा. काही सेकंदांत कागद गुंडाळी होऊन वर उचलेल. त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा चिंध्यांपासून केलेला हातकागद घेतला तर ही चाचणी लागत नाही, कारण त्यात तंतू जवळपास सर्व दिशांना पडलेले असतात. हा कागद दुमडायला फार चिवट असतो. तो मुखपृष्ठाच्या आतल्या अस्तरासाठी राखून ठेवा.

पानं कापणं

22 × 28 इंच म्हणजे साधारण 56 × 71 सेंटिमीटर. दुकानातून आणलेल्या शीटचे कोपरे दबलेले असतात आणि कडा काटकोनात असतीलच असं नाही, म्हणून आधी कडा छाटून 55 × 70.5 करा. 55चे दोन आणि 70.5चे तीन भाग केले की 27.5 × 23.5ची सहा पानं मिळतात. ग्रेन शीटच्या आखूड बाजूला समांतर असेल तर वही उभी होईल: उंची 27.5, रुंदी 23.5. ग्रेन लांब बाजूला समांतर असेल तर वही आडवी करा आणि 23.5ची बाजू कण्याला द्या. पुढची मापं उभ्या वहीची आहेत.

कापायला स्टीलची पट्टी आणि पात्याची टोकं मोडता येणारा कटर लागतो. प्लास्टिकच्या पट्टीत पातं शिरतं आणि त्या खाचेतून पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. एकाच फटक्यात कार्डशीट कापायला जोर लावला की पट्टी सरकते, बोटही कापतं. तीन हलके हात फिरवा: पहिला रेघ पाडण्यापुरता, पुढचे दोन कापायला. कापलेल्या कडेला लव दिसू लागली की पातं बोथट झालंय. टोक मोडून टाका. काटकोनासाठी गुण्या वापरा. लहान मुलं सोबत असतील तर कटर मोठ्यांच्याच हातात असू द्या. त्यांना बोथट टोकाची कात्री आणि चिकटवण्याचं काम द्या.

कण्याची पट्टी

जाडीचा प्रश्न इथे सुटतो. फोटोचा प्रिंट साधारण पाव मिलिमीटर जाड, त्यामागचा कागद आणि टेप धरून एका बाजूला अर्धा मिलिमीटर होतो. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या की एक मिलिमीटर. तेवढीच जाडी कण्यापाशीही हवी, म्हणून प्रत्येक पानाच्या मागे कण्याच्या कडेला 3 सेंटिमीटर रुंद, 27.5 उंच आणि 1 मिलिमीटर जाड पुठ्ठ्याची पट्टी लावायची. पुठ्ठा नसेल तर 250 जीएसएमच्या तीन पट्ट्या एकावर एक लावा. पट्टीतही ग्रेन उभीच ठेवा. पानांवर बटणं, शिंपले, लोकरीचे गोंडे असं जाड काही लावायचा विचार असेल, तर पट्टी त्या हिशेबाने जाड करा; हिशेब नेहमी पानावरच्या सर्वांत जाड जागेचा.

भोकं आधी पाडायची, पट्टी नंतर चिकटवायची. घरातला दोन भोकांचा पंच एका वेळी मिलिमीटरभर कागदच नीट कापतो; पान आणि पट्टी एकत्र घातली की भोक अर्धवट कुरतडलं जातं. या पंचची दोन भोकं एकमेकांपासून 8 सेंटिमीटरवर आणि कडेपासून सुमारे 12 मिलिमीटर आत पडतात. पानाच्या वरच्या टोकापासून 8 सेंटिमीटरवर आणि खालच्या टोकापासून 8 सेंटिमीटरवर बारीक खूण करा, पंचच्या मध्यावरची खूण त्याच्याशी जुळवा आणि दोनदा पंच करा. चार भोकं मिळतील. आडव्या वहीत 8च्या जागी 6.5 घ्या. सगळी पानं आणि पट्ट्या एकाच नमुना-पानावरून खुणावल्या तर भोकं एका ओळीत येतात; दर वेळी पट्टीने मोजलं की मिलिमीटरभर फरक पडतोच.

पट्टीला फेविकॉलचा पातळ थर लावा, भोकांत दोन पेन्सिलींची टोकं घालून जुळवा आणि दाबा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, मग पेन्सिली काढा. प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालून सगळी चळत जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा.

वाळल्यावर कण्यापासून 3.5 सेंटिमीटरवर, म्हणजे पट्टी संपते तिथून अर्धा सेंटिमीटर पुढे, घडीची रेघ ओढा. शाई संपलेलं बॉलपेन त्यासाठी उत्तम. पान दोन्हीकडे वळणार असल्याने रेघ दोन्ही बाजूंनी ओढा, पण हलक्या हाताने. कागद कापला जाता कामा नये.

मुखपृष्ठ

2 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. बायंडरकडे किंवा पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. मुखपृष्ठ पानापेक्षा वर, खाली आणि उघड्या बाजूला 3-3 मिलिमीटर मोठं हवं, कण्याकडे बरोबरीने. म्हणजे एकूण 23.8 × 28.1 सेंटिमीटर. ते अखंड ठेवलं तर उघडणार नाही, म्हणून दोन तुकडे: कण्याकडे 3 सेंटिमीटरची पट्टी, मग 8 मिलिमीटर मोकळी फट, मग 20 सेंटिमीटरचा मोठा तुकडा. मागच्या बाजूला असंच दुसरं. फट 5 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर मुखपृष्ठ अर्धवट उघडून अडतं आणि ताकद लावली की कापड फाटतं.

कापड 28 × 32 सेंटिमीटरचं. जुन्या सुती साडीचा पदर किंवा खणाचं कापड सुंदर दिसतं, पण दोन्हींना आधी तपासायला हवं. पांढरा ओला बोळा दहा सेकंद घासा. रंग लागला तर ते कापड गोंदाने आतल्या कागदापर्यंत डाग देईल. साडीसारख्या पातळ कापडातून गोंद वर येऊन काळपट डाग पडतात. त्याला आधी मागून पातळ कागदाचं अस्तर लावा. हे अस्तर लावायला खळ सगळ्यांत चांगली. दोन चमचे मैदा दहा चमचे पाण्यात गुठळ्या मोडून भिजवा, मंद आचेवर पाच ते सात मिनिटं ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा आणि गार झाल्यावर गाळून घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बायंडर खळीत मोरचूद घालतात, कारण कसर आणि झुरळं खळीवर तुटून पडतात. मोरचूद विषारी आहे. घरात, विशेषतः मुलांच्या हाताशी, ते वापरू नका. त्यापेक्षा खळ फक्त अस्तरापुरती ठेवा आणि बाकी सगळीकडे फेविकॉल लावा.

कापड इस्त्री करून उलटं पसरा आणि त्यावर पुठ्ठ्यांची जागा पेन्सिलीने आखा. तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळून ब्रशने पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही. मध्यापासून कडांकडे ब्रश न्या. पुठ्ठा जागेवर ठेवा, उलटा करा आणि कोरड्या फडक्याने मध्यातून बाहेर कापड दाबत हवा काढा. फटीत कापड बोटाने नीट बसवा. इथे घाई केली तर वाळल्यावर फट झोळासारखी ढिली राहते.

कोपऱ्यांवर कापड तिरकं कापायचं, पण पुठ्ठ्याच्या टोकाला टेकून नाही. टोकापासून 3 मिलिमीटर सोडा, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट. तेवढं कापड नसेल तर कोपरा उघडा पडतो, आणि हा एकच दोष वही हातात घेतल्याबरोबर दिसतो. आधी वरची आणि खालची कड आत दुमडा, कोपऱ्यावरचा छोटा मुडपा नखाने आत दाबा, मग बाजूच्या कडा.

या टप्प्यावर पुठ्ठा कापडाच्या बाजूने वाकू लागेल, कारण वाळताना कापड आक्रसून त्याला ओढतं. दुसऱ्या बाजूने तसाच ओढणारा कागद लावला की पुठ्ठा सरळ होतो. आतलं अस्तर दिसण्यापेक्षा या कामासाठी असतं. 23.2 × 27.5चा हातकागद घ्या, त्याला गोंद लावून दोन मिनिटं भिजू द्या, मग चिकटवा. तो फटीवरूनही जाईल, म्हणूनच चिवट कागद हवा. साधा कागद तिथे आठवड्याभरात फाटतो. दोन्ही मुखपृष्ठं बटर पेपरमध्ये ठेवून चार-पाच किलो वजनाखाली बारा तास, पावसाळ्यात दोन दिवस ठेवा. उन्हात वाळवू नका. वरचा थर आधी सुकतो आणि पुठ्ठा वाकतो तो पुन्हा सरळ होत नाही.

भोकांसाठी एक पान मुखपृष्ठावर ठेवून खुणा करा आणि चामड्याला भोक पाडायच्या 6 मिलिमीटरच्या पंचने, खाली लाकूड ठेवून, हातोडीने पाडा. मग मुखपृष्ठ, बारा पानं, मागचं पृष्ठ अशी चळत लावून फायलीला लावतात तो टॅग किंवा सुती नाडी ओवा. वरच्या दोन भोकांत एक, खालच्या दोन भोकांत एक. गाठ फार आवळू नका. दोन-तीन मिलिमीटर ढील असली की वही सपाट उघडते. अशा बांधणीचा एक मोठा फायदा: पान बिघडलं तर गाठ सोडून तेवढंच बदलता येतं.

काय कशाने चिकटवावं

फोटोला पाण्याचा गोंद लावायचा नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोची शाई ओलीने पसरते, आणि लॅबमधल्या प्रिंटलाही मागून ओल मिळाली की तो वाकतो. फोटोसाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी 12 मिलिमीटरची टेप घ्या. ती फोटोच्या मागे चारी कडांपासून 2 मिलिमीटर आत लावा. मध्ये एकच तुकडा लावला तर कोपरे वर येतात. साधी सेलोटेप वहीत कुठेच नको. ती पिवळी पडते, चिकटपणा कागदात उतरतो आणि तेलकट पट्टा कायमचा राहतो.

जुने कृष्णधवल फोटो अजिबात चिकटवू नका. त्यांच्यासाठी कागदी कोपरे करा: 4 × 2 सेंटिमीटरची पट्टी घ्या, वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर आणून दुमडा. काटकोनी त्रिकोण होईल आणि खालून तो खिशासारखा उघडा असेल. फोटोच्या कोपऱ्यावर तो चढवा आणि त्याच्या मागच्या, सपाट बाजूला टेप लावून पानावर बसवा. फोटो हवा तेव्हा निघतो. आजोबांचा एकुलता एक फोटो असेल तर त्याची प्रत काढून ती वहीत लावा आणि मूळ फोटो कागदी पाकिटात सपाट ठेवा. लॅमिनेशनच्या मोहात पडू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक नंतर सोडवता येत नाही.

पतंगाचा कागद, क्रेप आणि आकाशकंदिलातून उरलेले रंगीत कागद वापरायला छान, पण त्यांचा रंग पाण्याने सुटतो. त्यांना ग्लू स्टिक वापरा. फेविकॉलचा एक थेंबही गुलाबी पतंगी कागदातून शेजारच्या पानावर उतरतो.

फोटो छापून घेताना

सर्वांत सोयीचं माप 4 × 6 इंच, म्हणजे 10.2 × 15.2 सेंटिमीटर. फोनचा फोटो बहुधा 4:3 प्रमाणात असतो आणि हा प्रिंट 3:2, त्यामुळे छापताना फोटोच्या आखूड बाजूचा सुमारे नववा भाग कापला जातो. आडव्या समूहचित्रात तो भाग म्हणजे मागच्या रांगेतली डोकी किंवा पुढे बसलेल्यांचे पाय. लॅबवाल्याला पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा, किंवा स्वतः आधी काप ठरवून द्या. स्पष्ट प्रिंटसाठी 1200 × 1800 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एक पान नमुन्यादाखल: घरचे गौरी-गणपती

कण्याची बाजू वगळून उपयोगी जागा उरते 20 × 27.5 सेंटिमीटर. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर मोकळी सोडली की 17 × 24.5. मखराचा उभा फोटो 11 × 16च्या गडद हिरव्या कागदावर लावा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवा. मध्ये अर्धा-अर्धा सेंटिमीटर फट सोडली की उजवीकडे साडेपाच सेंटिमीटरचा उभा पट्टा उरतो, खाली आठ सेंटिमीटरचा आडवा.

उजव्या पट्ट्यात गावी जातानाचं तिकीट आणि पत्री. कंडक्टर पंच करून द्यायचे ती एसटीची जुनी तिकिटं साध्या छापील कागदाची होती, ती तशीच लावता येतात. आता यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने काळं पडणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, आणि टेप किंवा प्लास्टिक लागलं तर आणखी लवकर. त्याची लगेच झेरॉक्स काढा.

पत्रीतलं बेलाचं पान आणि आघाडा छान वाळतात. दूर्वांची जुडी सोडून एकेक काडी वेगळी दाबावी. जास्वंद वाळवायच्या फंदात पडू नका. तिची पाकळी चिकट, पाणीदार असते आणि भाद्रपदाच्या दमट हवेत तिला हमखास बुरशी येते. पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन ठेवा, पहिले चार दिवस कागद रोज बदला आणि एकूण तीन आठवडे थांबा. हाताला गार लागणारं पान अजून ओलं असतं. वाळलेलं पान थेट पानावर न लावता बटर पेपरच्या पाकिटात घाला. पत्रिकेवर किंवा पाकिटावर हळद-कुंकू लागलेलं असेल तर त्यालाही असंच पाकीट हवं, नाहीतर समोरच्या फोटोवर लाल-पिवळा ठसा उमटतो.

खालच्या डाव्या भागात नैवेद्याची कृती ठेवायला खिसा. 11 × 9चा 120 जीएसएमचा कागद घ्या. डावी, उजवी आणि खालची कड दीड-दीड सेंटिमीटर मागे दुमडा, खालचे दोन कोपरे तिरके कापून टाका. 8 × 7.5चा खिसा तयार होतो. टेप फक्त दुमडलेल्या तीन कडांवर लावा. तोंडाशी अर्धगोल कापला की आतला कागद बोटाने ओढता येतो.

त्यात पंख्यासारखी घडीची पट्टी जाईल: ए फोर कागदातून 7 सेंटिमीटर रुंद, 29.7 लांब पट्टी कापा. मापून चार भाग करण्यापेक्षा आधी मधोमध दुमडा, मग प्रत्येक अर्ध्याची पुन्हा घडी घाला आणि घड्या आलटून-पालटून उलट्या करा. प्रत्येक भाग साधारण 7.4 सेंटिमीटरचा होतो आणि खिशात सैलसर बसतो. घाटल्याची किंवा पातोळ्यांची कृती आजीच्या किंवा आत्याच्या हातून लिहून घेता आली तर तीच घ्या, चुका आणि खाडाखोडीसकट. टाईप करून सुबक केलेल्या कृतीत तो हात दिसत नाही. ही पट्टी आणि खिसा मिळून जाडी बरीच होते, म्हणून पानाच्या मागच्या बाजूला त्याच जागी काही जाड लावू नका.

उरलेल्या साडेआठ × आठच्या जागेत लिहा. या भागाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि वहीची खरी किंमत याच ओळींत असते. ‘आजी आणि आम्ही सगळे’ असं लिहिलेला फोटो तीस वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही: कोणाची आजी, कोण सगळे? डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं लिहा, सुनांची माहेरची आडनावंही, गावाचं आणि वाडीचं नाव, वर्ष, मखर कोणी केलं, त्या वर्षी काय वेगळं घडलं. पाच-सहा ओळी पुरतात. लिहायला पिग्मेंटची, पाण्याने न पसरणारी शाई असलेलं पेन वापरा. बॉलपेनाची शाई उडते आणि दाबामुळे मागच्या बाजूला उठाव येतो. आधी पेन्सिलीने हलक्या रेघा, मग मजकूर, दुसऱ्या दिवशी रेघा पुसायच्या. शाई ओली असताना खोडरबर फिरवलं तर सगळं फासतं.

चिकटवण्याआधी सगळं पानावर नुसतं मांडून फोनवर एक फोटो काढा. लहान चित्रात रचनेचा तोल लगेच कळतो आणि नंतर जागा आठवायलाही उपयोग होतो. एका पानावर तीनपेक्षा जास्त रंग घेऊ नका. फोटोमागचा कागद फोटोतल्याच एखाद्या मंद रंगाचा घ्या. भडक छापील नक्षीवर चेहरे हरवतात.

उभं राहणारं चित्र

मुलांना सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही, आणि ती वाटते त्याहून सोपी आहे. 15 × 20चा कार्डचा कागद मधोमध दुमडा, म्हणजे 15 × 10 होईल. घडीच्या बाजूने, मध्यभागी, एकमेकांपासून 4 सेंटिमीटर अंतरावर 3 सेंटिमीटर खोल दोन काप द्या. काप संपतात तिथे बोथट पेनाने रेघ ओढा आणि ती पट्टी दोन्हीकडे एकदा दुमडून सैल करा. कागद अर्धवट उघडून पट्टी आत ढकला, मिटा, घट्ट दाबा. उघडल्यावर पायरी उभी राहते; तिच्या पुढच्या बाजूला गणपतीचं, घराचं किंवा मुलाचं कापलेलं चित्र लावायचं.

चुकतं ते कापाच्या खोलीत. मिटल्यावर पायरीचं टोक घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरावर जातं. 3 सेंटिमीटरचा काप म्हणजे 6 सेंटिमीटर. कार्डची अर्धी रुंदी त्यापेक्षा मोठी नसेल तर मिटलेल्या कार्डातून कोपरा बाहेर डोकावतो. आपल्याकडे 10 आहेत, म्हणजे चित्र पायरीच्या वर आणखी साडेतीन सेंटिमीटर गेलं तरी चालेल. चित्र पायरीच्या फक्त पुढच्या भागाला चिकटवा. वरच्या भागाला गोंद लागला तर ती मिटणार नाही. पूर्ण झालेल्या कार्डचा एक अर्धा भाग वहीच्या पानाला टेपने लावा, घडी कण्याच्या बाजूला ठेवून.

पिंपळपानाची जाळी

घरच्या वहीसाठी ही सजावट विकतच्या कुठल्याही स्टिकरपेक्षा देखणी. पक्व, हिरवी, न फाटलेली पानं बादलीभर पाण्यात वजन ठेवून बुडवा. तीन ते चार आठवडे लागतात. पाणी आठवड्यातून एकदा बदला आणि बादली घराबाहेर ठेवा, वास येतो. डासांसाठी झाकण हवंच. हिरवा गर बोटाने सुटू लागला की ताटलीत थोडं पाणी घेऊन मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलकेच झाडा. घासलं की शिरा तुटतात. जाळी टिपकागदात दाबून वाळवा आणि फेविकॉलचे चार बारीक ठिपके देऊन लावा. सगळ्या जाळीला गोंद लावला तर छिद्रं भरतात आणि जाळीचं सौंदर्यच जातं.

वही ठेवायची कुठे

आडवी, सपाट. उभी ठेवली की पानांचं वजन टॅगवर येतं आणि भोकं फाटतात. मुंबई-कोकणात, गोव्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट जून ते सप्टेंबर नको. तिथे भिंतीची ओल आत येते. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सिलिका जेलच्या पुड्या वहीसोबत डब्यात ठेवता येतात, पण त्या दर वर्षी बदला किंवा रंग बदलणाऱ्या असतील तर तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरड्या करा. पोथ्यांच्या बासनात ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी कसरीसाठी चालते, फक्त ती पानांना टेकू नये. डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि फोटोंना चिकटतात. प्लास्टिकचे खिसे विकत घेताना पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. उग्र वास येणारे पीव्हीसीचे असतात, ते फोटोची शाई ओढून घेतात.

पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत वही एकदा पूर्ण उघडून, पानं सुटी करून, सावलीत पंख्याखाली दोन तास ठेवा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओलं फडकं लावायचं नाही. पान वाळू द्या आणि मऊ कोरड्या ब्रशने गॅलरीत, तोंडाला मास्क लावून झाडा. डाग राहिला तरी बुरशी थांबते. एखादं पान फारच खराब झालं तर टॅग सोडा आणि त्याच मापाचं नवं पान घाला. म्हणून सुरुवातीला घेतलेल्या तिसऱ्या शीटमधली दोन-तीन पानं पट्टी लावून, भोकं पाडून तयार ठेवलेली बरी.